बेसिक एफजीएफ: व्हायलमधले १०० मायक्रोग्रॅम पेशींपर्यंत किती पोहोचतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रिकॉम्बिनंट (जनुक-तंत्राने बनवलेल्या) मानवी बेसिक एफजीएफची, म्हणजे एफजीएफ-२ या वाढ-घटकाची (पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनाची), १०० मायक्रोग्रॅमची व्हायल (छोटी बाटली) आणली. १ मिली ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्यात विरघळवली, पीबीएस (फॉस्फेटचे खारे बफर द्रावण) घालून १० मिली केली, ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळली आणि १-१ मिलीच्या दहा नळ्या उणे २० अंशांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये ठेवल्या. त्यातल्या पाच नळ्या ५०० मिली मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) घातल्या. ती बाटली रोज ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये गरम करून वापरली. मानवी आयपीएस पेशींच्या (कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल्सच्या) वसाहती पहिले आठ-दहा दिवस छान होत्या. मग कडा पसरायला लागल्या आणि मधूनमधून मोठ्या, चपट्या, म्हणजे विभेदनाकडे (ठरावीक प्रकारची पेशी बनण्याकडे) वळलेल्या पेशी दिसू लागल्या. लॉट खराब आला आहे का? मात्रा दर मिलीला १०० वरून २०० नॅनोग्रॅम करावी का?

मात्रा दुप्पट करू नका, आणि लॉटची तक्रारही इतक्यात करू नका. लॉट मुळातच निकामी असता तर वसाहती पहिल्या तीन-चार दिवसांतच बिघडल्या असत्या. आधी चांगले आणि मग हळूहळू बिघडत जाणे ही बाटलीत मरत चाललेल्या प्रथिनाची खूण आहे. तुमच्या पद्धतीत हे प्रथिन मरायच्या किंवा हरवायच्या निदान चार जागा आहेत. त्यांतली सर्वांत मोठी उष्णतेची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

नैसर्गिक क्रमाचे एफजीएफ-२ ३७ अंशांना फार नाजूक असते. चेक प्रजासत्ताकातील ब्रनोच्या गटाने २०१८ मध्ये या प्रथिनात नऊ बदल करून त्याचे स्थिर रूप बनवले. तेव्हा मूळ प्रथिनाचे ३७ अंशांवरचे कार्यक्षम अर्धायुष्य सुमारे १० तास मोजले गेले, आणि बदललेल्याचे २० दिवसांहून अधिक. दहा तास हा आकडा हाताशी ठेवला की बऱ्याच गोष्टी उलगडतात. दर मिलीला १०० नॅनोग्रॅम घालून प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली की २४ तासांनी जेमतेम १९ नॅनोग्रॅम कामाचे उरते, ४८ तासांनी साडेतीन-चार. रोज मीडिया बदलायचा नियम यातूनच आला आहे. २०० नॅनोग्रॅम घातले तर २४ तासांनी ३८ उरेल, म्हणजे दुप्पट पैसे मोजून फक्त दहा तास विकत घेतले. पेशी जे प्रथिन आत ओढून घेतात ते यात धरलेलेच नाही.

आता बाटलीकडे पाहा. ५०० मिलीची बाटली ३७ अंशांना यायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून ती तासभर बाथमध्ये राहते. बाहेर काढल्यावर थंड होईपर्यंतचा वेळही मिळवून रोज पाऊण तास ती खरोखर गरम असते असे धरले, तर दहा दिवसांत साडेसात तास होतात. म्हणजे प्लेटपर्यंत जाण्याआधीच सुमारे ४० टक्के प्रथिन गेले. त्यामुळे अकराव्या दिवशी तुम्ही १०० समजून जास्तीत जास्त ६० घालत होतात, आणि २४ तासांनी पेशींसमोर ११ उरत होते.

उपाय सोपा आहे. ५०० मिलीच्या बाटलीत एफजीएफ-२ घालूच नका. बाकीचे घटक घातलेला मीडिया ५०-५० मिलीच्या नळ्यांमध्ये भरून ४ अंशांना ठेवा आणि एका वेळी एकाच नळीत एफजीएफ-२ घाला. सहा घरांच्या प्लेटला दर घरात २ मिली धरले तर रोज १२ मिली लागतात, म्हणजे ५० मिली चार दिवसांत संपतात. त्या दिवशी लागणारे १२ मिलीच वेगळे काढा आणि १५-२० मिनिटे खोलीच्या तापमानाला ठेवा. पेशींना तेवढे पुरते, वॉटर बाथची गरज नाही. एफजीएफ-२ घातलेला मीडिया ४ अंशांनाही दोन आठवड्यांपलीकडे ठेवू नये.

दुसरी जागा आहे प्लास्टिक. वाढ-घटक इतक्या कमी प्रमाणात वापरले जातात की नळीच्या भिंतीला चिकटणारा थरही हिशोबात धरावा लागतो. प्रथिनाचा एकेरी थर दर चौरस सेंटीमीटरला ठोकळमानाने १०० ते ३०० नॅनोग्रॅमचा असतो. अर्ध्या मिलीच्या नळीत ५० मायक्रोलिटर द्रव ठेवला की तो पाऊण चौरस सेंटीमीटरच्या आसपास भिंतीला टेकतो. म्हणजे दीडशे नॅनोग्रॅम भिंतीला गेले असे समजा. द्रावण दर मिलीला १०० मायक्रोग्रॅमचे असेल तर त्या ५० मायक्रोलिटरमध्ये ५,००० नॅनोग्रॅम असते. त्यातले दीडशे गेले तर तीन टक्के, ते चालून जाते. पण द्रावण दर मिलीला १ मायक्रोग्रॅमचे असेल तर नळीत मुळात आहेच ५० नॅनोग्रॅम. ते सगळेच्या सगळे भिंतीवर बसू शकते, आणि तुम्ही पिपेटने फक्त बफर उचलता.

यावर दोन बंदोबस्त आहेत. स्टॉक दर मिलीला १०० मायक्रोग्रॅमहून पातळ ठेवायचा नाही, आणि वाहक प्रथिन म्हणून ०.१ टक्का अल्ब्युमिन घालायचे. ०.१ टक्का म्हणजे दर मिलीला १ मिलिग्रॅम, एफजीएफच्या दहापट. भिंतीवरच्या जागा अल्ब्युमिन अडवते, शिवाय गोठताना आणि वितळताना प्रथिनाला आधार देते. हा स्टॉक मीडियात हजारपट पातळ होतो तेव्हा अल्ब्युमिन दर मिलीला १ मायक्रोग्रॅमवर येते, त्याचा पेशींवर सहसा परिणाम दिसत नाही. प्राणिजन्य घटक टाळायचे असतील तर गोजातीय अल्ब्युमिनऐवजी रिकॉम्बिनंट मानवी अल्ब्युमिन घ्या. वाहकाशिवायचे प्रथिन मुद्दाम हवे असते ते लेबल लावायला, प्लेटवर लेप द्यायला किंवा प्रतिपिंड बनवायला. पेशी वाढवायला त्याचा काही फायदा नाही.

तिसरी जागा फिल्टरची, आणि तिथे एका मिनिटात सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकते. फिल्टरचे पटल नायट्रोसेल्युलोजचे असेल तर ते दर चौरस सेंटीमीटरला ८० ते १०० मायक्रोग्रॅम प्रथिन धरून ठेवते. २५ मिलिमीटरच्या सिरिंज फिल्टरमध्ये असे चार चौरस सेंटीमीटर असतात, म्हणजे तुमच्या तीन व्हायली त्यात सहज जिरतील. नायलॉनही असाच. पीईएस किंवा जलस्नेही पीव्हीडीएफ या प्लास्टिकची पटले कमी धरतात, पण १०० मायक्रोग्रॅममधले काही मायक्रोग्रॅम तरी तिथे जातातच. तुमच्या पेशी आठ-दहा दिवस टिकल्या यावरून तुमचा फिल्टर बहुधा कमी चिकटणारा होता. योग्य क्रम असा: अल्ब्युमिन घातलेला बफर आधी गाळून निर्जंतुक करा आणि मग त्यात व्हायलमधली पावडर हूडखाली विरघळवा. बहुतेक व्हायली निर्जंतुक गाळणीतून गेल्यावरच सुकवलेल्या असतात, सोबतच्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर तसे लिहिलेले असते. गाळणे अगदी अटळच असेल तर पीईएस फिल्टरमधून आधी अल्ब्युमिनचा बफर सोडून पटल भिजवून घ्या.

चौथी जागा फ्रीझरची. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो. दारातल्या किंवा भिंतीलगतच्या छोट्या नळ्या त्यात वितळण्याच्या काठावर येऊन पुन्हा गोठतात, आणि हे महिनाभर चालू राहते. पीबीएसचीही एक अडचण आहे, ती फारशी कोणी लक्षात घेत नाही. सोडियम फॉस्फेटचा बफर हळू गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडते आणि उरलेल्या द्रवाचा पीएच जास्तीत जास्त तीन एककांनी खाली जाऊ शकतो. एफजीएफ-२ आम्लाला सोसत नाही. म्हणून लांब मुदतीच्या स्टॉकसाठी मी ५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.६, अधिक ०.१ टक्का अल्ब्युमिन हा बफर सुचवेन. प्रमाणपत्रात पीबीएस सांगितले असेल तर तेही चालते, पण अल्ब्युमिनशिवाय नको. नळ्या लहान ठेवा म्हणजे झटकन गोठतात, आणि थेट उणे ८० ला ठेवा.

आता नवी व्हायल आली की काय करायचे ते क्रमाने सांगतो.

सुकवलेली पावडर खोलीच्या तापमानाला काही आठवडे टिकते, त्यामुळे पार्सल कस्टममध्ये आठवडाभर अडकले किंवा आइस पॅक वितळून आले म्हणून घाबरू नका. अशी तारीख व्हायलवर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडते. द्रवरूपात येणारे प्रथिन मात्र कोरड्या बर्फावरच यायला हवे. ते वितळलेले आले तर उतरवून घेतानाच फोटो काढून कळवा.

फ्रीझरमधून काढलेली व्हायल बंद स्थितीतच २०-३० मिनिटे खोलीत ठेवा. थंड व्हायल उघडली तर हवेतली वाफ पावडरीवर धरते. मग मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा, कारण पावडर बऱ्याचदा झाकणाला चिकटलेली असते. उघडल्यावर आत काहीच दिसले नाही तरी व्हायल रिकामी आहे असे समजू नका. वाहक नसलेले १०० मायक्रोग्रॅम म्हणजे काचेवरची पारदर्शक झिलई, डोळ्यांना ती दिसतच नाही.

१ मिली बफर भिंतीवरून फिरवत सोडा, म्हणजे वर चिकटलेलेही खाली येईल. व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणे) करू नका आणि पिपेटने फेस काढू नका. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिनाची घडी उलगडते, आणि फेस म्हणजे अशा सीमांचा ढीग. व्हायल आडवी धरून हलके फिरवा, १० मिनिटे राहू द्या, पुन्हा फिरवा. मग कमी चिकटणाऱ्या नळ्यांमध्ये ५०-५० मायक्रोलिटर भरा. हिशोबाने वीस नळ्या व्हायला हव्यात, हाती एकोणीस लागतात. दर मिलीला १०० नॅनोग्रॅम हवे असेल तर एक नळी म्हणजे बरोबर ५० मिली मीडिया, त्यामुळे उरलेले पुन्हा गोठवायचा मोह होत नाही. वितळवायचे ते बर्फावर किंवा ४ अंशांना. एकदा वितळलेली नळी ४ अंशांना आठवडाभर वापरता येते, पण परत गोठवायची नाही.

फीडर पेशींवर (स्टेम सेल्सना आधार द्यायला खाली पसरलेल्या पेशींवर) वाढवत असाल तर मात्रा बरीच कमी लागते, नेहमीची दर मिलीला ४ नॅनोग्रॅम. फीडर स्वतः काही घटक सोडतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे हेपरान सल्फेट ही साखरेची लांब साखळी एफजीएफ-२ ला धरून ठेवते. अशा वेळी ५० मिलीसाठी २०० नॅनोग्रॅम, म्हणजे या स्टॉकचे फक्त २ मायक्रोलिटर लागतात, आणि एवढ्या लहान मापात पिपेटची चूक मोठी होते. त्याच अल्ब्युमिनच्या बफरमध्ये दर मिलीला १० मायक्रोग्रॅमचे मधले द्रावण करून त्यातले २० मायक्रोलिटर घाला. मज्जापेशींच्या पूर्वजांसाठी, म्हणजे न्यूरल स्टेम सेल्ससाठी, सहसा २० नॅनोग्रॅम वापरतात. त्याच इनक्युबेटरमध्ये कोणाच्या उंदराच्या ईएस (भ्रूणीय स्टेम) पेशी असतील तर त्यांना हा मीडिया चुकूनही घालू नका. त्या एलआयएफ या दुसऱ्या प्रथिनावर टिकतात आणि एफजीएफच्या इशाऱ्याने विभेदनाकडे वळतात.

इथे एक इशारा जोर देऊन सांगायला हवा. बऱ्याच प्रयोगशाळांत ‘वाढ-घटकांचा बफर’ म्हणून ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाची एकच बाटली असते. टीजीएफ-बीटा १ आणि पीडीजीएफ-बीबी या दुसऱ्या वाढ-घटकांसाठी ते बरोबर आहे, ती प्रथिने आम्लात नीट विरघळतात. एफजीएफ-२ त्यात घातले तर त्याची क्रियाशीलता जाते. प्रत्येक प्रथिनाचे प्रमाणपत्र वेगळे वाचा आणि बफरच्या बाटलीवर प्रथिनाचे नाव लिहा.

प्रमाणपत्रावर काय पाहायचे? पहिली गोष्ट लांबी. एफजीएफ-२ दोन रूपांत मिळते, १५४ अमिनो आम्लांचे सुमारे १७ किलोडाल्टनचे आणि १४६ अमिनो आम्लांचे सुमारे १६.५ किलोडाल्टनचे. दोन्ही काम करतात, पण प्रयोगाच्या मधे रूप बदलू नका. दुसरी गोष्ट ईडी-५०, म्हणजे निम्मा परिणाम द्यायला लागणारी मात्रा. ती दर मिलीला ०.५ नॅनोग्रॅम असेल तर विशिष्ट क्रियाशीलता मिलिग्रॅमला २० लाख युनिट होते, १० लाखांना ईडी-५० ने भागायचे. दोन कंपन्यांचे हे आकडे शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवू नका. एकीने एनआयएच ३टी३ (उंदराच्या फायब्रोब्लास्ट) पेशी वापरल्या असतील, दुसरीने एफजीएफचा ग्राहक (रिसेप्टर) बसवलेल्या बीएएफ३ (उंदराच्या रक्तपेशींच्या जातीच्या) पेशी आणि वर हेपरिन. एकाच कंपनीच्या दोन लॉटची तुलना मात्र यावरून करता येते.

तिसरी गोष्ट एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला विषारी एलपीएस. हे प्रथिन बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूत बनते, त्यामुळे मर्यादा पाहायलाच हवी. मायक्रोग्रॅमला १ ईयू (एंडोटॉक्सिनचे एकक) ही मर्यादा धरली आणि दर मिलीला १०० नॅनोग्रॅम वापरले, तर मीडियात मिलीला ०.१ ईयू येते, म्हणजे सुमारे १० पिकोग्रॅम एलपीएस. आयपीएस पेशींना त्याने काही होत नाही. मोनोसाइट किंवा डेंड्रिटिक पेशींसाठी मात्र ती दुर्लक्ष करण्याजोगी मात्रा नाही, त्यांच्यातला सायटोकाइनचा प्रतिसाद एफजीएफचा की एलपीएसचा हे कळणार नाही. तिथे उकळलेल्या एफजीएफचा एक नियंत्रण गट ठेवा. दहा मिनिटे उकळल्यावर प्रथिन संपते, एलपीएस जवळजवळ तसेच राहते. उकळलेल्यानेही प्रतिसाद दिला तर तो एफजीएफचा नाही.

शंका असलेला स्टॉक तपासायचा कसा, हा पुढचा प्रश्न. ब्रॅडफर्ड (रंगाने प्रथिन मोजण्याची चाचणी), २८० नॅनोमीटरचे वाचन किंवा साधे जेल यांतून अल्ब्युमिन घातलेल्या स्टॉकबद्दल काहीच कळत नाही, कारण तिथे दहापट अल्ब्युमिनच दिसते. एलायझा सांगते की प्रतिपिंडाला ओळखता येणारे प्रथिन आहे. ते जिवंत आहे का हे ती सांगत नाही. घडी उलगडलेले रेणूही मोजले जाऊ शकतात. वाहक नसलेला स्टॉक असेल तर अपचायक (प्रथिनांमधले गंधकाचे जोड तोडणारे रसायन) घालून आणि न घालता असे दोन जेल उपयोगी पडतात. एफजीएफ-२ मध्ये चार सिस्टीन (गंधकयुक्त अमिनो आम्ले) आहेत. त्यांतले दोन बाहेरच्या बाजूला असतात आणि जुन्या स्टॉकमध्ये त्यांच्यामार्फत दोन रेणू एकमेकांना जोडले जातात. अपचायक न घातलेल्या जेलवर ३४ किलोडाल्टनच्या आसपास पट्टा आला तर प्रथिनाचे ऑक्सिडेशन होऊन जोड्या झाल्या आहेत.

खरी कसोटी पेशींचीच, आणि ती दोन दिवसांत होते. एनआयएच ३टी३ पेशी ८० टक्के भरल्या की रात्रभर ०.५ टक्का सीरमवर उपाशी ठेवा. सकाळी जुना आणि नवा स्टॉक दर मिलीला ०, ०.१, ०.३, १, ३ आणि १० नॅनोग्रॅम अशा मात्रांत १० मिनिटे द्या. मग थंड पीबीएसने धुऊन लायसिस करा, फॉस्फो-ईआरके (एफजीएफचा इशारा पोहोचला की सक्रिय होणाऱ्या ईआरके प्रथिनाचे रूप) आणि एकूण ईआरके यांचा वेस्टर्न (जेलवरचे प्रथिन प्रतिपिंडांनी ओळखण्याची चाचणी) करा. ४४ आणि ४२ किलोडाल्टनचे जोडपट्टे दिसतील. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त १० नॅनोग्रॅमची एकच मात्रा घेणे. त्या मात्रेला ग्राहक इतके भरलेले असतात की निम्मा मेलेला स्टॉकही पूर्ण पट्टा देतो आणि तुम्ही ‘प्रथिन ठीक आहे’ म्हणून मोकळे होता. फरक दिसतो तो १ नॅनोग्रॅमच्या खाली. नवा स्टॉक ०.३ ला जो पट्टा देतो तो जुना १ ला देत असेल, तर जुन्यात तिसरा हिस्साच जिवंत आहे.

शनिवार-रविवारी मीडिया बदलायला जमत नसेल तर दोन मार्ग आहेत. वर सांगितलेले उष्णतास्थिर रूप बाजारात मिळते. ते वापरताना १०० ही मात्रा डोळे झाकून ठेवू नका, २०, ४० आणि ८० अशा तीन मात्रा तीन पॅसेज (पेशी काढून नव्या प्लेटवर लावण्याच्या फेऱ्या) चालवून आपली आपण ठरवा. २४ तासांत संपणाऱ्या प्रथिनासाठी ठरलेली मात्रा न संपणाऱ्याला लावणे बरोबर नाही. दुसरा मार्ग हेपरिनचा. ते एफजीएफ-२ ला बांधून त्याची घडी सावरते आणि ग्राहकाशी जोडायलाही मदत करते. न्यूरल पेशींच्या मीडियात दर मिलीला २ मायक्रोग्रॅमच्या आसपास ते नेहमीच असते. आयपीएस पेशींच्या ठरलेल्या मीडियात मात्र ते चाचणीशिवाय घालू नका, कारण हेपरिन इतर अनेक वाढ-घटकांनाही बांधते.

तुमच्या हातातल्या पेशींसाठी या आठवड्यात एवढे करा. एकाच पॅसेजच्या पेशी तीन घरांत लावा, मूळ मीडियाची बाटली एकच. पहिल्या घरात आत्ताच्या बाटलीतला मीडिया, दुसऱ्यात तुमच्या उरलेल्या पाच नळ्यांपैकी एक नळी घालून ताजा केलेला, तिसऱ्यात नवी व्हायल वर सांगितल्याप्रमाणे विरघळवून केलेला. रोज मीडिया बदला आणि तीन पॅसेज वाट पाहा, कारण एकदा विभेदनाकडे वळलेल्या पेशी परत येत नाहीत, त्या पॅसेजमागून पॅसेज वसाहतींबाहेर काढाव्या लागतात. पहिले घर बिघडले आणि दुसरे-तिसरे सुधारले तर दोष वॉटर बाथचा. पहिली दोन बिघडून तिसरेच सुधारले तर दोष फिल्टर, पातळ स्टॉक किंवा फ्रीझरचा, त्या उरलेल्या नळ्या टाकून द्या. तिन्ही सारखीच बिघडली तर एफजीएफ-२ सोडून द्या आणि त्याच दिवशी मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी लावा, मग लेपाच्या मॅट्रिक्सचा लॉट आणि पॅसेज करताना गुठळ्या किती लहान होतात ते पाहा.